भिडू कोणी वाटायचे?

गेल्या काही महिन्यांत आलेल्या वाचकपत्रांत एक तक्रार पुन्हापुन्हा येते आहे. पारंपरिक खेळांचा सप्ताह घ्या, लगोरी, लंगडी, विटीदांडू खेळवा, त्यातून मुलांमध्ये सहकार्य आणि सद्गुण कसे रुजले याचा अहवाल भरा, प्रत्येक खेळाची छायाचित्रे जोडा, आणि हे सगळे परवापर्यंत, असे निरोप व्हॉट्सॲप गटावर येऊन पडतात. मग मुलांना फेटे बांधले जातात, मुलींना नऊवारी नेसवली जाते, लगोऱ्या नीट रचल्या जातात, चेंडू उगारलेला मुलगा फोटो निघेपर्यंत तसाच उभा राहतो आणि तास संपतो. देशी खेळ शाळेत यावेत, ही मागणी आपण सर्वांनी वर्षानुवर्षे केली. २०२२ साली केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने पंचाहत्तर भारतीय खेळ शाळांत नेण्याचा उपक्रम जाहीर केला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला आणि पुरुष व महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. खेळांना मान मिळाला, हे चांगलेच झाले. पण या खेळांतून मुले एकमेकांशी नीट वागायला शिकतात, असा जो दावा अहवालात लिहिला जातो, तो खरा व्हायचा असेल तर एक गोष्ट मान्य करावी लागेल. हे शिक्षण खेळाच्या नियमांतून कमी आणि खेळ उभा करण्याच्या खटपटीतून जास्त होते. ती खटपट मुलांच्या हातून कोणी काढून घेतली असेल, तर ती आपण शिक्षकांनी.

लगोरीचा डाव मांडायचा तर आधी भिडू वाटावे लागतात. मुलांची जुनी रीत अशी की दोन म्होरके बाजूला बसतात आणि बाकीचे आपापल्या तोलाचा जोडीदार शोधतात. जोडी जरा लांब जाऊन गुपचूप नावे ठरवते, एक आंबा, एक फणस, आणि गळ्यात हात टाकून परत येते. म्होरक्यांनी आळीपाळीने मागायचे: आंबा हवा की फणस. कोण आंबा आहे हे मागणाऱ्याला ठाऊक नसते, म्हणून चांगले गडी एकाच बाजूला ओढता येत नाहीत. पण याहून मोलाची गोष्ट त्याआधीच घडून गेलेली असते. आपण कोणाच्या तोलाचे, हे प्रत्येक मुलाला स्वतःशी ठरवावे लागते आणि समोरच्याला ते पटवावे लागते. स्वतःला फार वरचा समजणाऱ्याला जोडीदार मिळत नाही. आणि सगळ्यात कमजोर मुलगा शेवटी एकटा उभा राहत नाही, कारण त्याच्या तोलाचा आणखी कोणीतरी असतोच. धाकट्या भावंडाला कडेवर घेऊनच खेळायला यावे लागणाऱ्या मुलांनी कच्चा लिंबू ठेवायची सोय काढली: तो खेळतो, पळतो, धप्पाही देतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही. चेंडू शर्टाला निसटता लागला की नाही, हे बहुतेक वेळा ज्याला लागला त्यालाच कळते. पंच नसलेल्या डावात ‘लागला’ हे त्यानेच म्हणायचे असते. जो म्हणत नाही, त्याच्याशी दुसऱ्या दिवशी जोडी करायला कोणी येत नाही. वाद विकोपाला गेला तर डाव पुन्हा घेतात, नाहीतर मोडतात, आणि मोडलेला डाव कोणालाच नको असतो, म्हणून तडजोड निघते.

आता आपला तास पाहा. मुले रांगेत उभी राहतात, शिक्षक ‘एक, दोन, एक, दोन’ म्हणत दोन संघ पाडतो, मैदान आखतो, शिट्टी वाजवतो, बाद कोण ते सांगतो, रडणाऱ्याला समजावतो आणि खोटे बोलणाऱ्याला बाहेर बसवतो. पस्तीस मिनिटांच्या तासिकेत हे करावे लागते, ही अडचण खरी आहे. पण परिणाम असा की मुलाच्या वाट्याला फक्त धावणे उरते. खो-खोसारख्या खेळात तर सहकार्य नियमातच बांधलेले आहे. पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही, मध्यरेषा ओलांडता येत नाही; हाताशी आलेला गडी स्वतःच टिपण्याचा मोह सोडून त्याने वेळेवर खो दिला, तरच पुढच्याला तो सापडतो. आट्यापाट्यांत पाटीवाल्याने आपली पाटी सोडायची नाही, आणि मधल्या उभ्या पाटीवरच्या सुराशी त्याचे जमले नाही तर कोंडी होत नाही. हे सगळे उत्तमच आहे. मात्र खो कधी द्यायचा हे बाहेरून ओरडून सांगणारा प्रशिक्षक असेल, तर मोह सोडण्याचा निर्णय मुलाचा राहत नाही. आणि मोजके जण खेळत असताना वर्गातली उरलेली मुले टाळ्या वाजवत बसली असतील, तर त्यांना यातले काहीच मिळत नाही.

याहून मोठा अडथळा कागदाचा आहे. २०१० पासून आपण सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन करतो आणि त्यात प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद लिहायची असते. कल्पना चांगली होती. प्रत्यक्षात काय झाले ते आपल्या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तयार नोंदींच्या यादीची पीडीएफ एका गटातून दुसऱ्या गटात फिरते आणि राज्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुलांच्या नावांसमोर तीच वाक्ये उतरतात: सांघिक खेळात उत्साहाने भाग घेतो, इतरांना मदत करतो, खिलाडूवृत्ती दिसते, नेतृत्वगुण आहेत. ज्या मुलाने वर्षभरात एकही डाव खेळला नाही त्याच्याही नावावर खिलाडूवृत्ती, आणि जो रोज मैदानावर चार भांडणे मिटवतो त्याच्याही नावावर तीच. तपासणीला येणारा अधिकारी रकाना भरला आहे एवढे पाहतो. त्याच अधिकाऱ्याला मैदानावर बारा मुले गोल करून तावातावाने वाद घालताना दिसली, तर तो वर्गनियंत्रण नसल्याचा शेरा मारून जातो. म्हणजे सहकार्याचे खरे शिक्षण चालू असते ती घटका गैरशिस्त ठरते, आणि फोटोसाठी गप्प उभी असलेली रांग मूल्यशिक्षणाचा पुरावा ठरते. अहवाल मागणाऱ्यांनी एकदा तरी पूर्ण डाव बसून पाहावा. छायाचित्रात तडजोड दिसत नाही, हे समजायला त्यांना तेवढा एक तास पुरेल. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत मैदान आणि खेळाचे साहित्य २००९ पासून आहे. सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरच्या वर असेल तर शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन निदेशकही आहे. अहवाल हवा तर तो आधी याचा मागावा.

मुलांवर एवढे सोडायला आधार काय, असे कोणी विचारील. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी जिनिव्हा आणि न्यूशातेलच्या मुलांना गोट्या खेळताना पाहिले, त्यांना नियमांबद्दल प्रश्न विचारले आणि १९३२ साली मुलांच्या नैतिक समजेवरचे पुस्तक लिहिले. त्यांना आढळले ते असे. लहान मुले नियम थोरांकडून आलेले आणि अढळ मानतात, पण खेळताना ते सर्रास मोडतात. दहा-अकरा वर्षांपुढची मुले नियम आपल्या संमतीने बदलता येतात असे मानू लागतात, आणि पाळण्याच्या बाबतीत तीच जास्त काटेकोर असतात. नियम आपला वाटल्याशिवाय पाळला जात नाही आणि घासाघीस केल्याशिवाय तो आपला वाटत नाही. शिट्टी नेमकी ही घासाघीस बंद करते.

दुसरा आधार हा इशाराही आहे. १९५४ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमात सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण अकरा वर्षांच्या बावीस मुलांचे दोन गट करून शिबिर घेतले. बेसबॉल, रस्सीखेच अशा चुरशीच्या सामन्यांनंतर त्या चांगल्या घरच्या मुलांनी एकमेकांचे झेंडे जाळले, एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घातल्या. नुसते एकत्र जेवू घालून वैर गेले नाही. पाणी बंद पडले, ट्रक सुरू होईना, आणि दोन्ही गटांना मिळूनच काम करावे लागले, तेव्हा हळूहळू ते ओसरले. तो ट्रक त्यांनी रस्सीखेचीच्याच दोराने ओढला. सांघिक खेळ आपोआप सद्भाव शिकवतात, या समजाला यानंतर जागा राहत नाही. वर्षभर एकच संघ, लाल गट विरुद्ध निळा गट, ढाल आणि घोषणा, ही आपल्या शाळांची रूढ पद्धत त्या शिबिराच्या पहिल्या आठवड्यांसारखीच आहे. गल्लीतल्या खेळात मात्र भिडू रोज नव्याने वाटले जातात. कालचा प्रतिस्पर्धी आज आपल्या बाजूला येतो, म्हणून त्याच्याशी कायमचे वैर परवडत नाही. या खेळांतले खरे मूल्यशिक्षण आम्हाला इथे दिसते, आणि संघ कायमचे करून आपण तेच घालवतो.

यावर चार आक्षेप येतात. मैदानावर शिकलेला प्रामाणिकपणा परीक्षेच्या वर्गात टिकतो का, हा त्यांतला सगळ्यात जड. हार्टशोर्न आणि मे या संशोधकांनी १९२८ ते १९३० या काळात प्रसिद्ध केलेल्या तीन खंडांच्या अभ्यासात सुमारे अकरा हजार अमेरिकन मुलांना परीक्षेत, घरच्या अभ्यासात आणि शारीरिक कसोट्यांतही लबाडीची संधी दिली होती. मुठीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावरचा आकडा मुलांनी स्वतःच सांगायचा, अशी कसोटीही त्यात होती. निष्कर्ष असा निघाला की एका प्रसंगात प्रामाणिक राहणारा दुसऱ्यात राहीलच असे नाही, आणि चारित्र्याच्या उपदेशाचा वागण्याशी फारसा संबंध दिसत नाही. हा आक्षेप आम्ही पूर्ण मान्य करतो. लगोरीने चारित्र्य घडते, असे कोणी अहवालात लिहू नये. दावा लहान करावा: याच मुलांना याच मुलांशी जमवून घ्यायची सवय लागते. रोज सहा तास एकाच वर्गात बसणाऱ्या चाळीस मुलांसाठी ती सवयही थोडी नाही.

मुलांवर सोडले तर दांडगी मुले राज्य करतात, हा दुसरा आक्षेप. पूर्वीच्या खेळांचे गोडवे गाणाऱ्यांनी तो टाळू नये. आळीआळीचे खेळ जातीजातींत वाटलेले होते. मुलींचे झिम्मा-फुगडीचे रिंगण वेगळे आणि मैदान मुलांचे होते. १९४१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांनी मुले-मुली, सगळ्या जाती एकाच खेळात आणायचे ठरवले, ते हे जाणूनच. शिक्षकाचे काम इथे आहे. खेळायला कोण येणार, हे शिक्षकाने ठरवावे: सगळे येणार, मुलीही, दिव्यांग मुलेही. कोणी कोणाला मारत असेल, सतत चिडवत असेल, तर थेट मध्ये पडावे. भिडू वाटणे, राज्य देणे, वाद मिटवणे मात्र मुलांचे. तिसरा आक्षेप वेळेचा. आठवड्याच्या तासिकांपैकी एक यासाठी ठेवली की तो संपतो. चौथा स्पर्धांचा: क्रीडा सवलतीचे गुण, तालुका-जिल्ह्याचे सामने, शाळेचे नाव. ते चालू राहू द्या. पण ते संघापुरते आहेत, वर्गाचा तास त्यांच्या सरावाला देऊ नका.

आणि आता आपल्यातल्याच काही जणांशी बोलायचे आहे. खेळाचा तास गणिताला देऊन टाकणारे, चेंडू टाकून झाडाखाली मोबाइल पाहत बसणारे, पीडीएफमधली वाक्ये उतरवणारे शिक्षक आहेत, आणि अधिकाऱ्यांकडे बोट दाखवण्याआधी त्यांना थांबवणे आपले काम आहे. मुलांवर सोडणे म्हणजे लक्ष काढून घेणे नव्हे. उलट जास्त पाहावे लागते. या सत्रात दर आठवड्याला फक्त पाच मुले निवडा आणि त्यांच्याबद्दल जे दिसले तेच लिहा. ‘चेंडू लागल्याचे स्वतःहून सांगितले.’ ‘हरल्यावर डाव मोडला, पाच मिनिटांनी परत आली.’ ‘नव्या मुलाला जोडीदार मिळेना तेव्हा स्वतःची जोडी सोडून त्याच्याबरोबर गेला.’ अशा पाच नोंदी तयार यादीतल्या पन्नास वाक्यांना भारी आहेत. नव्या समग्र प्रगती पत्रकात मुलाने स्वतःचे आणि सोबत्याचे मूल्यमापन करण्याची जागा आहे. ती मुलांकडूनच, डाव संपल्यासंपल्या भरून घ्या. कोणी अधिकारी हरकत घेईल तर त्याची हरकत लेखी मागा आणि प्रत आमच्याकडे पाठवा. शाळेचे नाव न छापता ती आम्ही छापू.

आणखी एक. भिडू वाटण्याच्या, राज्य कोणावर हे ठरवायला चकण्याच्या, कच्चा लिंबू ठेवण्याच्या रीती गावागणिक वेगळ्या आहेत आणि त्या मुलांच्या तोंडीच असल्याने झपाट्याने विसरल्या जात आहेत. खेळांचे नियम पुस्तकांत सापडतात, या रीती फारशा सापडत नाहीत. तुमच्या शाळेतली मुले आज त्या कशा करतात ते त्यांनाच विचारा, त्यांच्याच शब्दांत उतरवा, गाव, तालुका आणि इयत्ता लिहून पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पाठवा. छायाचित्र नको.