वफादारीचा हिशेब कुणाकडून घ्यायचा?

टोळीयुद्धाच्या मालिका पाहणाऱ्यांना एक प्रसंग पाठ असतो. भाई खुर्चीत बसलेला असतो, समोर त्याचे जुने साथीदार उभे असतात आणि त्यांतला एक जण फुटलेला आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं. बातमी कुणी दिली? पैसे कुणी खाल्ले? पोलिसांशी कोण बोलतं? आपण श्वास रोखून गद्दार शोधू लागतो. पण त्या खोलीत प्रश्न फक्त खालच्यांना विचारला जातो. भाई स्वतः कुणाशी वफादार आहे, हे विचारायची सोय तिथे नसते.

‘सेक्रेड गेम्स’ (२०१८) मधला गणेश गायतोंडे घ्या. पोरांनी आपल्यासाठी जीव द्यावा अशी त्याची अपेक्षा असते. त्याची स्वतःची चढती मात्र सोन्यासाठी आपल्याच म्होरक्याला, सलीमकाकाला, मारून सुरू होते. त्याच मालिकेत पोलीस अधिकारी सरताज सिंगपुढेही वफादारीचाच पेच आहे. जुनैद नावाच्या निःशस्त्र मुलाचा गोळी लागून मृत्यू झालेला आहे आणि वरिष्ठ पारुलकरला वाचवण्यासाठी त्याने खोटी जबानी द्यावी असा दबाव आहे. म्हणजे टोळी असो की खातं, वफादारीचा अर्थ एकच उरतो : वरच्याचं पाप झाकणं. जो झाकत नाही तो गद्दार.

‘बंबई मेरी जान’ (२०२३) हा प्रश्न घरात आणते. हुसेन झैदी यांच्या ‘डोंगरी टू दुबई’ या पुस्तकावर आधारलेली ही मालिका. के के मेननचा इस्माईल कादरी हा सचोटीचा पोलीस. त्याचा मुलगा दारा टोळीचा म्होरक्या होतो. दाराच्या माणसांसाठी इस्माईल परका आहे आणि खात्यासाठी तो गुंडाचा बाप आहे. दोन्हीकडून संशयाने पाहिला जाणारा हा माणूसच मला मालिकेतला सर्वांत खरा वाटला. आपल्यातल्या अनेकांनी, टोळीशी काही संबंध नसताना, असं दोन्हीकडून पाहिलं जाणं अनुभवलेलं आहे.

या पात्रामागे प्रत्यक्षातला माणूस आहे. दाऊदचे वडील इब्राहिम कासकर मुंबई पोलिसांत हवालदार होते. मूळ गाव खेड तालुक्यातलं मुंबके; म्हणजे कोकणातलं मराठी बोलणारं मुसलमान घर. मुलगा ऐंशीच्या दशकात दुबईला निघून गेला. १२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसं मेली. ज्यांनी तो कट रचला ते परदेशात सुरक्षित होते. संशयाच्या नजरा झेलायला डोंगरी, नागपाडा आणि त्यांच्यासारखे सगळे मोहल्ले मागे राहिले.

त्या स्फोटांनंतर छोटा राजनने दाऊदशी असलेलं वैर देशभक्तीच्या रंगात रंगवलं. आणि तो रंग लोकांनी चालवून घेतला. वर्षानुवर्षं दोघांनी एकाच टोळीत खंडण्या उकळल्या, पण एक देशद्रोही आणि दुसरा ‘देशभक्त डॉन’ अशी वाटणी झाली. २०११ साली पत्रकार जे. डे यांचा खून झाला आणि त्या गुन्ह्यात २०१८ मध्ये राजनला जन्मठेप झाली. राजनच्या गुन्ह्यांसाठी कुणी चेंबूरच्या निकाळज्यांकडे निष्ठेचा पुरावा मागितला नाही. मागूही नये. पण मग मुंबकेच्या किंवा डोंगरीच्या माणसाकडे तो का मागावा?

गंमत म्हणजे मराठीत हा पुरावा मागायचे शब्दही बहुतेक अरबी-फारसीतून आलेले आहेत. इमान, बेइमान, वफादार, दगा, फितूर, गद्दार. इमानेइतबारे चाकरी केली, असं गावातला कुणीही शेतकरी सहज म्हणून जातो. शब्द सगळ्यांचे झाले. संशय मात्र एकाच घराच्या वाट्याला राहिला.

आमच्या धाराशिव जिल्ह्याला हे समजायला मुंबईच्या मालिकेची गरज नाही. लातूर १९८२ पर्यंत याच जिल्ह्यात होतं, आणि रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील. त्याने निजामाच्या नावाने वफादारी मागितली. हिंदू गावांवर रझाकारांनी केलेले अत्याचार इथले म्हातारे विसरलेले नाहीत, विसरूही नयेत. पण त्याने मुसलमानांकडूनही हिशेब घेतला. ‘इमरोज’चे तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन होण्याच्या बाजूने लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादेत त्यांचा खून झाला. रझाकारांच्या लेखी ते गद्दार होते.

पुढच्याच महिन्यात पोलीस कारवाई झाली. त्यानंतर जे घडलं त्याची पाहणी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांच्या समितीने केली. संस्थानात मिळून किमान २७ ते ४० हजार माणसं मारली गेली असा तिचा अंदाज होता. सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता. एकट्या लातुरात वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालली. यातल्या किती जणांनी रझवीला कधी पाहिलं होतं? रझवी तुरुंगात होता. १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला.

दुबईला जाणारा भाई आणि कराचीला जाणारा नेता यांत मला फार फरक दिसत नाही. वफादारीची सर्वांत मोठी मागणी करणाराच आधी निघून जातो आणि त्याच्या नावाचं बिल शेजारी भरतो.

म्हणून आपल्या पोरांशी या मालिकांबद्दल बोललं पाहिजे. मालिका बंद करा असं मी म्हणत नाही. पण दाराचे संवाद मोबाइलवर स्टेटस म्हणून लावणाऱ्या मुलाला विचारा, या माणसाने आपल्या मोहल्ल्याला काय दिलं? ‘आपला माणूस’ म्हणून त्याचं कौतुक करायचं आणि बाहेरच्यांनी त्याच्यावरून आपल्याला ओळखलं की दुखावून घ्यायचं, या दोन गोष्टी एकत्र चालणार नाहीत. आपण त्याला आपला म्हणायचं थांबवलं तर समोरच्याचा संशय जाईलच असं नाही. तरीही थांबवावं, कारण तो खरोखरच आपला नव्हता.

प्रेषितांची एक शिकवण अनेकांनी ऐकलेली असेल. भावाला मदत करा, तो जुलूम सोसणारा असो की करणारा. करणाऱ्याला मदत कशी करायची, असं विचारल्यावर उत्तर मिळालं, त्याचा हात धरून त्याला रोखा. भाईच्या खोलीत असा हात धरणारा गद्दार ठरतो. आपल्या दीनमध्ये तोच सच्चा भाऊ आहे. शोएबुल्ला खान यांनी लेखणीने हेच केलं.

आणि ही गोष्ट फक्त मुसलमानांची नाही. सुंदरलाल समितीच्या अहवालात आणखी एक नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकर आपल्या मुसलमान विणकर सोबत्यांच्या रक्षणासाठी हिंदू जमावापुढे उभे राहिले आणि त्याची मोठी किंमत त्यांनी मोजली. काहींनी तर जीव दिला. जमावाच्या हिशेबात तेही फितूरच असणार. दरवर्षी १७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं, भाषणं होतात. त्या भाषणांत या विणकरांबद्दल दोन वाक्यं आणि शोएबुल्ला खान यांच्याबद्दल दोन वाक्यं बोलली जावीत, आणि ती बोलायला सुरुवात आपणच करावी.