स्ट्राँग? मग टफ का नाही?

स्ट्राँग आणि टफ एकच, असं वाटतं ना? नाही, बॉस! काचेचा बारीक धागा वजनाच्या मानाने पोलादापेक्षा जास्त ताण सोसतो, पण चीर पडली की खल्लास. नुसतं रेझिनही ठिसूळच. दोघांना एकत्र केलं की होतं चिवट फायबरग्लास! गंमत त्यांच्या पकडीत आहे. ती बेताची असेल, तर चीर धाग्याशी अडते, कडेने वळते, धागे उपसले जातात आणि धक्क्याचा जोर त्यातच जिरतो. पकड फार घट्ट असेल, तर चीर सरळ आरपार!

पण जिथे धागे सुटले, तिथला चिवटपणा संपला. म्हणून मला विचाराल तर, अपघातात आपटलेलं फायबरग्लासचं हेल्मेट वरून कितीही चकाचक दिसू दे, बदलाच. आतला थर्माकोलही दबलेला असतो. नवं हेल्मेट डोक्यापेक्षा स्वस्तच पडतं!