मागच्या वर्षीची लस यंदा का चालत नाही?

"डॉक्टर, मागच्या वर्षी घेतली ना फ्लूची लस? पुन्हा कशाला?" पावसाळ्याच्या तोंडावर तुम्ही हे हमखास विचारता. डॉक्टर धंदा करतोय, अशी शंकाही त्यात असते. असू दे.

विषाणू हुशार नसतो, तो काही ठरवून बदलत नाही. तुमच्या नाका-घशातल्या पेशीत शिरून तिच्याच यंत्रणेकडून तो स्वतःच्या हजारो प्रती काढून घेतो. फ्लूच्या विषाणूकडे प्रतीतल्या चुका दुरुस्त करायची सोय नाही. बहुतेक चुकीच्या प्रती वाया जातात. एखाद्या चुकीने मात्र त्याचं बाहेरचं रूप असं बदलतं की जुन्या अँटिबॉडीज त्याला नीट ओळखत नाहीत. मग तीच प्रत पसरते. (गोवरही याच जातीचा, पण बाहेरचं रूप बदललं तर त्याला पेशीत शिरणंच अवघड होतं. म्हणून ती लस टिकते.)

शिवाय फ्लूची जनुकं 8 सुट्या तुकड्यांत असतात. दोन वेगळे फ्लू एकाच पेशीत शिरले तर तुकड्यांची अदलाबदल होते. 2009 साली पुण्याने ज्याचा धसका घेतला, त्या स्वाइन फ्लूत डुक्कर, पक्षी आणि माणूस अशा तिघांच्या विषाणूंचे तुकडे होते.

म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना वर्षातून 2 वेळा लसीचा नवा मसुदा ठरवते. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो, पण तो गंभीर होण्याची शक्यता कमी होते. साठी उलटली असेल, मधुमेह किंवा दमा असेल, तर मे संपायच्या आत येऊन जा. आणि घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी फ्लूवर घेऊ नका, विषाणूवर ती चालत नाही.