विहिरीवर तीन किलोवॅट, घरात चिमणी



पौष लागलाय. आज पहाटे पाचला गोठ्याच्या मेढीला टांगलेल्या थर्मामीटरवर ९ अंश होतं. (थर्मामीटर पोल्ट्रीवाल्या मित्रानं जुनं झालं म्हणून दिलेलं, एखादा अंश इकडंतिकडं धरा.) पेपरात या दिवसांत महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठच्या गोठलेल्या दवाचे फोटो येतात. आमच्या माणदेशी माळावर बर्फ पडत न्हाई, पण रात्रीचा वारा घोंगड्यातनंसुद्धा आत येतो. म्हशीच्या अंगावर केस ते किती, तिला गायीपेक्षा थंडी जास्त बाधते. म्हणून संध्याकाळीच दोघींच्या पाठीवर गोणपाट बांधायचं, खाली उसाचं पाचट टाकायचं, आणि वाऱ्याच्या अंगाला कडब्याच्या पेंढ्यांचा आडोसा करायचा. या पेंढ्या एकेक करून खाऊन संपतात, तोवर थंडीही संपते. हिशोब बरोबर बसतो.

हे सगळं आम्ही अंधारात करतो. आमच्या वस्तीवर वीज न्हाई.

गेल्या आठवड्यात पुण्याचं एक जोडपं हुरड्याला आलं होतं. मित्राचे पाहुणे, माणसं चांगली. शेळीचं करडू मांडीवर घेऊन, चुलीपुढं बसून व्हिडिओ काढला आणि वर लिहिलं, 'ऑफ-ग्रिड आयुष्य'. मला पोरीनं अर्थ सांगितला, तारेच्या बाहेरचं जगणं. म्हटलं, आपण तर जन्मापास्नं तारेच्या बाहेर हाय, पण नाव आज कळलं. हुलग्याचं माडगं त्यांना फार आवडलं. रात्री नऊला मोबाईलची बॅटरी संपत आली तेव्हा मात्र गडी विचारायला लागला, "चार्जिंग कुठं करता?" मी म्हटलं, "सकाळी, ऊन आल्यावर." त्यांचा दोष न्हाई. ज्याला परत जायचंय त्याला अंधार गोडच लागतो.

आमची गोष्ट अशी. आमचं रान माण आणि आटपाडी तालुक्याच्या शिवेवर. बांधाच्या अलीकडं सातारा जिल्हा, पलीकडं सांगली. सर्वांत जवळचा खांब पलीकडच्या रानात, हाकेच्या अंतरावर म्हणा ना. आमच्या बाजूचा खांब मैलभर लांब. सातबारा साताऱ्यातला, त्यामुळं जवळचा खांब आमचा न्हाई. दोन्हीकडच्या टेबलांवर अर्ज देऊन झाले. इकडचे म्हणतात तिकडं विचारा, तिकडचे म्हणतात तुम्ही आमच्याकडं येतच न्हाई. घरात आई, मी, कारभारीण, दोन लेकरं. एक खिलार गाय, दोन म्हशी, एक रेडी, सात शेळ्या, कोंबड्या मोजत न्हाई.

गेल्या वर्षी विहिरीवर ३ एचपीचा सौर पंप बसला. १० टक्के रक्कम आपण भरायची, बाकी सरकार भरतं. योजना चांगली, उगाच नावं ठेवायची न्हाईत. पहिली कितीतरी वर्षं इंजिनावर डिझेल ओतलं, ते थांबलं. आसपासच्या ज्या गावांत शेतीला रात्रीची वीज येते तिथली माणसं या थंडीत रात्री दोनला कांबळं पांघरून दारं धरायला जातात, साप-विंचवाचं भ्या वेगळंच. माझ्या रानाला दिवसा पाणी मिळतं. त्या बाबतीत मी सुखी हाय.

पण आता हिशोब ऐका. पंपाचं पॅनल ३ किलोवॅटचं. थंडीत आमच्याकडं आभाळ निवळ असतं, आणि तापलेल्या पॅनलपेक्षा गार पॅनल वीज जास्त देतं. म्हणजे हेच दिवस त्याचे. आणि आमची विहीर? पौषात दोन-अडीच तासांत तळ दाखवते. सकाळी नऊला पंप चालू केला की साडेअकराला बंद. ज्वारीला आता पाणी फारसं लागतही न्हाई, हरभऱ्याला एक पाळी आणि मेथीघासाच्या सहा गुंठ्यांना थोडं. त्यानंतर साडेअकरापासून सूर्य मावळेपर्यंत तो निळा पत्रा नुसता ऊन खात उभा. एका दुपारी सहज आठ-दहा युनिट वीज तयार होऊ शकते, ती होतच न्हाई.

घराला किती लागते? ९ वॅटचे चार बल्ब, पाच तास. दोन मोबाईल. सगळं मिळून पाव युनिट. कडबाकुट्टी यंत्र अर्धा तास चालवलं तर वर एखादं युनिट. घरापासून विहीर दीडशे पावलं.

म्हणजे शेताच्या पिकाला उजेडाची सोय झाली, घरातल्या माणसांना चिमणी. रेशनचं रॉकेल आम्हाला कधीच बंद झालं, चिमणीत काय जळतं ते विचारू नका. थोरली पोरगी दहावीला हाय, फेब्रुवारीत बोर्डाची परीक्षा. ती रिचार्जच्या बॅटरीवर अभ्यास करते, बॅटरी संपली की चुलीपुढं सरकते. आईला खोकला हाय, तिला ती चिमणी विझवायला सांगते, आणि पोरगी म्हणते, "आज्जे, एवढं पान." हे रोज चालतं.

पंप बसवणाऱ्या माणसाला मी विचारलं, यातनं एक वायर घरला नेऊ का. म्हणाला, "हात लावला की पाच वर्षांची हमी गेली." त्याचंही बरोबर. पॅनलची डीसी वीज म्हणजे खेळ न्हवं, कुणी वायर ओढली तर माणूस मरेल. मी ओढली न्हाई, तुम्हीही ओढू नका.

पण कायदेशीर वाट न्हाई असं न्हाई. कुसुम योजनेच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांतच युनिव्हर्सल सोलर पंप कंट्रोलरची तरतूद हाय. पंप बंद असताना त्याच पॅनलवर कडबाकुट्टी, पिठाची चक्की, बॅटरी चार्जिंग असली कामं करायची म्हणूनच तो कंट्रोलर. आमच्याकडं अर्ज भरताना विचारलं फक्त एकच, पंप किती एचपीचा पाहिजे. कंट्रोलरचा विषयच निघाला न्हाई, आणि मलाही तेव्हा ठाऊक न्हवतं. माझं म्हणणं एवढंच, ज्या शेतकऱ्याचं घर रानातच हाय आणि घराला जोडणी न्हाई, त्याला पंप देताना हा कंट्रोलर आणि एक बॅटरी सोबतच द्या. पाहिजे तर जादा पैसे आमच्याकडनं हप्त्यानं घ्या. नवीन पॅनल नको, नवीन खांब नको.

कुणी म्हणेल, देशात शंभर टक्के वीज पोचली की. पोचली, गावांत. २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधल्या लेइसांग गावात वीज आली आणि देशातलं शेवटचं गाव जोडलं गेलं. पण २००४ पास्नं नियम असा की गावातल्या १० टक्के घरांत आणि शाळा-पंचायत-दवाखान्यासारख्या ठिकाणी वीज असली की गावाला वीज आली असं धरायचं. उरलेल्या घरांसाठी सौभाग्य योजना २०१७ ला आली. तार नेता येत न्हाई अशा लांबच्या घरांना २०० ते ३०० वॅटचं पॅनल, बॅटरी, पाच दिवे, एक पंखा, असा संच त्यात होता. कागदावर आमच्यासारख्यांचाच विचार केलेला. मोजणी करणारा माणूस गावठाणात आला, चावडीवर चहा घेतला, आणि गेला. वस्तीवर यायला रस्ता न्हाई, हे त्याचं कारण मला पटतं. वस्ती यादीत न्हाई, हे पटत न्हाई.

आता माझीही एक चूक सांगतो, न्हाईतर पोस्ट एकतर्फी होईल. पूर्वी आमच्याकडं एक सौर दिवा होता, अनुदानातलाच. दोन वर्षं झकास चालला. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं हे माहीत होतं, आज घालू उद्या घालू करत राहिलो. बॅटरी कोरडी पडून मेली. नवी घ्यायला पैसे होते, पण त्या वर्षी म्हैस घेतली. पॅनल अजून शेळ्यांच्या खोपीवर हाय, पावसाचं पाणी अडवायला. तेव्हा नुसतं फुकट देऊन भागत न्हाई हे मलाही कळतं. तालुक्याला दुरुस्ती करणारा एक माणूस पाहिजे, आणि त्याचा पगार योजनेतच धरलेला पाहिजे.

"एवढा त्रास हाय तर गावठाणात या की," असं चुलता म्हणतो. आणि जनावरं? गावठाणातल्या दोन खणांत म्हशी कुठं बांधू, शेण कुठं टाकू? रोज दोन वेळा दीड कोस चालून धार काढायला येऊ? जनावर जिथं, माणूस तिथं. वस्त्या काय हौसेनं झाल्या न्हाईत.

वीज न्हाई म्हणून सगळंच अडतं असं मात्र न्हाई. आमचा गोबरगॅस २ घनमीटरचा, दीनबंधू, जमिनीत पुरलेला. रोज ५० किलोच्या आसपास शेण लागतं, आमचं जेमतेम भागतं. थंडीत गॅस कमी होतो, कारण आतले जिवाणू गारठ्यात सुस्त पडतात. बरेचजण या दिवसांत कंटाळून बंद करतात आणि चुलीवर जातात. करू नका. आम्ही पहाटेचं गार शेण लगेच घालत न्हाई. दुपारी बारा-एकला, उन्हात ठेवलेल्या घमेल्यातल्या कोमट पाण्यात शेणाइतकंच पाणी धरून कालवतो आणि मग सोडतो. डोमवरच्या मातीवर पाचटाचा हातभर थर टाकलाय. सकाळचा चहा, दूध आणि दोन वेळची भाजी निघते. भाकरी चुलीवर, आंघोळीचं पाणी बंबावर. याला मी खरं तारेबाहेरचं जगणं म्हणतो, कारण यात जे बिघडतं ते माझं मला नीट करता येतं.

उजेडाचं तसं न्हाई. मार्गशीर्षात धाकटी म्हैस रात्री दीडला व्यायला लागली. रेडकाचा एक पाय मागं अडकलेला. डॉक्टरला फोन लावला, ते निघाले, वाटेत असताना बोलून सांगत होते, हात कुठं घाल, काय चाचप. कारभारणीनं माझ्या मोबाईलची बॅटरी धरलेली, आणि त्याच मोबाईलवर डॉक्टर. सहा टक्के होतं, मग दोन, मग बंद. पुढचा पाऊण तास कंदील धरून गेला. कंदिलाच्या उजेडात रक्त आणि वार एकाच रंगाचं दिसतं. डॉक्टर आले तेव्हा रेडकू गेलं होतं. म्हैस वाचली. उजेड असता तर वाचलं असतं का, असं मी त्यांना विचारलं. "सांगता येत न्हाई," म्हणाले. खरं बोलले. पण तो प्रश्न माझ्या डोक्यातनं जात न्हाई.

मेलेल्या रेडकाच्या म्हशीची धार काढायला आठ दिवस कारभारणीनं काय केलं ते कधीतरी वेगळं लिहीन.

२६ जानेवारीला ग्रामसभा हाय. मी एकच ठराव मांडणार. गावाच्या हद्दीतल्या, घरगुती जोडणी नसलेल्या वस्त्यांची घरवार यादी ग्रामसेवकानं स्वतः फिरून करावी, ज्या घरांच्या रानात सौर पंप हाय त्यांच्यापुढं खूण करावी, आणि ती यादी दोन्ही जिल्ह्यांकडं पाठवावी. शिवेवरचे आम्ही सात घरं हाय, पलीकडच्या सांगलीतली चार धरून. पलीकडच्यांशी बोललोय, ते त्यांच्या ग्रामसभेत हाच ठराव मांडणार. तुमच्याकडं अशी वस्ती असेल तर पंप किती एचपीचा, विहीर पौषात किती तास चालते आणि घरात दिवा कशावर लागतो, एवढं लिहून पाठवा. आकडे असले की सभेत बोलायला बरं.

गाय माघात व्यायची हाय. तोवर एक चांगली चार्जिंगची बॅटरी घ्यायची ठरवलंय, म्हसवडच्या बाजारात बघतो.