ताण सांध्यावर नको

जामसंडे परिसरातील हापूसच्या बागेत पानांवरील ओलावा मोजणारा संवेदक बसविला, की मोहरावरील करप्यासाठी केव्हा फवारावे हे ठरविण्यास त्याचे आकडे साहाय्य करतात. परंतु संवेदक निवडताना जी काळजी घेतली जाते, ती तार पेटीत शिरते त्या जागेविषयी घेतली जात नाही. वाऱ्याने फांदी हलते, तार ओढली जाते आणि आतील डाखलेला सांधा तुटतो. मग काही प्रकारच्या संवेदकांत ओले पानही कोरडे दिसते. असा चुकीचा आकडा मिळण्यापेक्षा तो न मिळालेला बरा.

मोठी ग्लँड लहान पेटीला नाकापेक्षा मोती जड होते. त्याऐवजी तार पेटीच्या तळातून आत घ्यावी, आतील दोन छिद्रांतून नागमोडी ओवून प्लास्टिकच्या पट्टीने आवळावी आणि सांध्यापाशी किंचित सैल सोडावी. बाहेर तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच ठिबकेल. शिरण्याचे छिद्र सिलिकोनने बुजवावे. मात्र सिलिकोन पाणी अडविते, ओढ सोसण्याचे काम त्याचे नव्हे.

संवेदक खरेदी करताना बागाइतदारांनी पेटी उघडवून घ्यावी व तार ओढून पाहावी. सांधा हलला, तर तो संवेदक न घेणेच इष्ट होय.