दिव्याच्या गोष्टी पुरे झाल्या

गावातल्या नववी-दहावीच्या पोरांसाठी शाळा सुटल्यावर अभ्यासाची सोय करा, असं कोणी म्हटलं की सभेत हमखास एक गृहस्थ उठतात आणि रस्त्यावरच्या दिव्याची गोष्ट सांगतात. मोठी माणसं दिव्याखाली शिकली, त्यांना कुठे होते क्लास आणि कुठे होती सोय. ज्याला शिकायचं असतं तो शिकतोच. चार माणसं माना डोलावतात आणि सभा गटाराच्या विषयाकडे वळते. मावळात, विशेषतः कान्हे-टाकवे पट्ट्यात, हा युक्तिवाद इतका रुळलाय की त्याला उत्तर द्यायच्या भानगडीत कोणी पडत नाही.

उत्तर द्यायला हवं. ज्यांचं नाव या गोष्टीत सर्वांत जास्त घेतलं जातं, त्या बाबासाहेबांपासूनच सुरुवात करू. परळच्या चाळीत आंबेडकरांच्या कुटुंबाकडे एकच खोली होती. वडील रामजी सुभेदार मुलाला लवकर झोपवत, रात्री दोनला उठवत आणि मग स्वतः आडवे होत, कारण जागा तेवढीच. म्हणजे त्या घरात एका पोराच्या अभ्यासासाठी बाप रोज मध्यरात्रीपर्यंत जागत होता. शाळा सुटली की हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत वाचत बसे. तिथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर येत. ते स्वतः शिक्षक आणि लेखक. त्यांनी मुलाची चौकशी केली, पुस्तकं पुरवली, काय वाचावं ते सांगितलं. 1907 मध्ये मुलगा मॅट्रिक झाला, तेव्हा सत्काराच्या सभेत त्यांनीच आपलं बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवलं. पुढे कॉलेजात पैशांची अडचण आली, तेव्हा सयाजीराव गायकवाडांपर्यंत शब्द पोचवणारेही केळुसकरच. दरमहा 25 रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली, बी.ए. पुरं झालं, 1913 मध्ये कोलंबिया गाठलं.

या हकिकतीतून दिवा काढून टाका, काही बिघडत नाही. केळुसकर काढून पाहा. बुद्धिमत्ता अफाट होती, कष्ट अफाट होते, हे कोण नाकारतंय? पण त्या माणसालासुद्धा बसायला जागा, हातात पुस्तक आणि पुढचा दरवाजा दाखवणारा मोठा माणूस लागला. मग ज्याच्या अंगी सामान्य बुद्धी आहे, अशा आपल्या पोरानं एकट्यानं तरून जावं ही अपेक्षा कुठल्या न्यायानं?

आता कान्ह्याकडे या. पुणे-लोणावळा लोकलचं स्टेशन, जुना मुंबई-पुणे हायवे आणि फाट्यावरून टाकव्याकडे, आंदर मावळात शिरणारा रस्ता, हे तिन्ही इथे एकत्र येतात. वडेश्वर, भोयरे, कुसूर या बाजूच्या वाड्या-वस्त्यांतून बाहेर पडायचा रस्ता तोच. त्यातल्या कित्येक वस्त्या ठाकर, महादेव कोळी, कातकरी कुटुंबांच्या. पोरांना दहावीनंतर वडगाव, तळेगाव किंवा कामशेत गाठावं लागतं. मुलींना एसटीचा पास बारावीपर्यंत मोफत आहे, अहिल्याबाई होळकर योजनेतून. पण पास मोफत असून भागत नाही, गाडी वेळेवर यावी लागते. लोकलच्या दुपारच्या खंडाबद्दल तर या मार्गावरच्या प्रवाशांनी किती निवेदनं दिली असतील, देव जाणे.

या भूगोलात नववीचं वर्ष येतं, आणि त्या वर्षी सरकार एकदम हात सोडतं. शिक्षणहक्काचा 2009 चा कायदा सहा ते चौदा वर्षांसाठी, आठवीपर्यंत. शाळेतला दुपारचा भात आठवीपर्यंत. मोफत पुस्तकं आठवीपर्यंत. नववीत भूमिती अवघड होते, बीजगणित अवघड होतं, आणि त्याच वर्षी पोराचं जेवण, पुस्तकं आणि कायद्याचा आधार तिन्ही जातात. गळती नववी-दहावीत का होते याची समिती नेमायची गरज नाही. आठवीच्या निरोप समारंभाला जाऊन उभं राहिलं तरी पुरे.

दुसरा आक्षेप जरा शहाणा असतो: "क्लास लावा की. तळेगावात पायलीला पन्नास क्लास आहेत." आहेत. फी भरली, रिक्षाचे पैसे भरले, तरी क्लासमध्ये काय होतं ते पाहा. तिथे पाठ्यक्रम शाळेच्या पुढे पळवतात. मागे राहिलेल्याला तिथे कोणी थांबवून विचारत नाही. क्लासवाल्यांचा यात दोष नाही. फ्लेक्सवर फोटो नव्वदच्या पुढच्यांचेच लागतात, त्यामुळे त्यांना तीच मुलं हवीत.

आणि मागे राहिलेला नेमका कुठे अडकलेला असतो? नववीतल्या पोराला 612 भागिले 6 करायला सांगा. पहिल्या सहाला एक. मग एकाला सहाचा भाग जात नाही, म्हणून तो दोन खाली घेतो, बाराला दोन, आणि उत्तर लिहितो 12. मधलं शून्य गिळलं. सहाशे बारा पेरू सहा जणांत वाटले तर प्रत्येकाला बाराच कसे, हे त्याला खटकत नाही, कारण भागाकार म्हणजे वाटणी हे कधी हाताला लागलंच नाही. लागली ती फक्त पायऱ्यांची कवायत. हाच पोरगा दुसऱ्या दिवशी गाइडमधून वर्गसमीकरण उतरवतो, सूत्रासकट, सुवाच्य अक्षरात. वही तपासली जाते, बरोबरची खूण पडते. तिसरीत राहिलेलं ते शून्य दहावीच्या बोर्डापर्यंत त्याच्याबरोबर येतं.

हे एका गावाचं गाऱ्हाणं नाही. 'असर' या शैक्षणिक अहवालाच्या 2023 च्या पाहणीत 14 ते 18 वयाची ग्रामीण मुलं तपासली, 26 राज्यांतल्या 28 जिल्ह्यांत. महाराष्ट्रातून नांदेड होता. चौथा हिस्सा मुलांना आपल्या भाषेतला दुसरीचा उतारा सफाईनं वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एका अंकानं भागणं निम्म्याहून अधिक जणांना जमलं नाही. यातली बहुतेक मुलं शाळा-कॉलेजात नाव असलेली होती.

"मग हे शाळेनं करावं," हा तिसरा आक्षेप. हा मात्र मला अर्धा मान्य आहे. मूळ जबाबदारी शाळेचीच. संध्याकाळची सोय केली म्हणून दिवसाच्या वर्गाला सुट्टी मिळता कामा नये. पण शाळा आज काय करते? जानेवारी उजाडला की जादा तास सुरू होतात, आणि ते शाळेच्या निकालासाठी असतात. काठावरच्यांना ढकलून पस्तीसवर न्यायचं, बस. जो काठापासूनही लांब आहे, त्याच्या पालकांना नववीच्या अखेरीस बोलावून हळूच सुचवलं जातं की याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसवा. शंभर टक्के निकालाच्या काही पाट्या अशाही रंगवल्या जातात. सर्वांना ठाऊक असतं, लेखी कोणी देत नाही. शिक्षकांनाही सगळा दोष देऊन चालणार नाही. निवडणूक, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती यांतून जो वेळ उरतो त्यात ते शिकवतात. दुसरं, शिक्षणहक्क कायद्याचं कलम 28 शिक्षकाला खासगी शिकवणी घेऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणूनच संध्याकाळी दुसरा माणूस हवा.

चौथा आक्षेप मला सर्वांत जास्त टोचतो, कारण तो व्यवहाराचा आव आणून येतो. "सगळ्यांनी कॉलेजात जाऊन काय दिवे लावायचेत? टाकव्याला कंपन्या आहेत, तळेगाव-चाकण जवळ आहे, आयटीआय करा, कामाला लागा." हे सांगणाऱ्याचा स्वतःचा मुलगा आकुर्डीत नाहीतर ताथवड्यात इंजिनिअरिंगला असतो, हे सोडा. आयटीआयच्या बहुतेक ट्रेडना दहावी पास लागते, आणि तिथेही पुन्हा गणित आहे. ज्याचं शून्य गिळलेलं आहे तो फिटर होत नाही. तो ठेकेदाराच्या खात्यावर हेल्पर होतो. आणि हेल्पर हेल्परच राहतो.

कामाची ओढ तर इथे कॅलेंडर पाहूनच येते. मावळातला गुलाब 14 फेब्रुवारीसाठी परदेशी जातो, त्याआधीचे आठवडे पॉलिहाउसमध्ये हातांना मागणी असते. 2025 मध्ये दहावीची परीक्षा 21 फेब्रुवारीला सुरू झाली. सरकारनं 2015 पासून नापासांसाठी त्याच वर्षी फेरपरीक्षा आणली, चांगली गोष्ट केली. पण ती येते जून-जुलैत, ऐन भातलावणीत. कमरेत वाकून इंद्रायणीची रोपं लावणाऱ्या मुलीनं त्याच आठवड्यात गणित भाग दोनचा पेपर द्यायचा. मध्यंतरी गुणपत्रिकेवर 'अनुत्तीर्ण' ऐवजी 'कौशल्य विकासास पात्र' असा शेरा छापायची टूम निघाली होती. शेरा बदलला, लावणी तिथेच.

आता मंडन. काय करावं, हे अमेरिकेतून आणायची गरज नाही, तरी तिथला अनुभव उपयोगाचा आहे. शिकागोच्या सरकारी हायस्कुलांत नववी-दहावीच्या मुलांना दोघांमागे एक शिकवणारा, रोज एक तास, असा प्रयोग झाला. गणितातले गुण वाढले, नापास होणं घटलं. आपल्याकडे 'प्रथम' संस्थेनं मुंबई आणि वडोदऱ्यात बालसखी नेमल्या होत्या. वस्तीतल्याच, दहावी-बारावी झालेल्या मुली, मागे पडलेल्या प्राथमिकच्या पोरांना रोज दोन तास वेगळं बसवून शिकवायच्या. पुढे नोबेल मिळालेल्या अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो यांनी तो प्रयोग मोजला. मागची मुलं खरंच पुढे सरकली. पण मदत थांबल्यावर वर्षभरात बराचसा फायदा ओसरला, हेही त्यांनीच नोंदवलं. विरोधकांनी हा मुद्दा माझ्यावर फेकावा, माझी हरकत नाही. त्यातून निघतं ते एवढंच की मदत मध्येच सोडू नये.

म्हणून माझं म्हणणं असं: नववीच्या जूनपासून अकरावीच्या परीक्षेपर्यंत, सलग, एकच माणूस. पंधरा-वीस पोरांमागे गावातलीच बी.एस्सी. किंवा बी.एड. झालेली, नोकरी नसलेली एक मुलगी किंवा मुलगा, मानधनावर. जागा शाळेचीच, कुलूप उघडं ठेवायचं एवढंच. नवी इमारत नको. गावोगाव अभ्यासिका झाल्यात, चांगल्या आहेत, पण तिथे एमपीएससीवाले बसतात आणि नववीच्या पोरांना गडबड करतात म्हणून हुसकावतात. शाळा सुटल्यावर आधी पोटाला काहीतरी, उसळ-चपाती का होईना; मग तिसरीच्या भागाकारापासून सुरुवात, लाज न वाटता. साडेसहाला बंद. आणि साडेसहाला वाड्यांकडे जाणारी गाडी दारात उभी. मुली अंधारात एकट्या घरी जाता कामा नयेत, हा पालकांचा आक्षेप मी आक्षेपांत मोजलाच नाही, कारण तो शंभर टक्के बरोबर आहे. गाडी नसेल तर ही योजना फाट्याजवळ राहणाऱ्या मुलग्यांपुरती उरेल.

अकरावीपर्यंत का? 2025 पासून अकरावीचा प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाला. भाग एक, भाग दोन, एक ते दहा पसंतीक्रम. नोंदणीसाठी मोबाइल लागतो, ओटीपी बापाच्या फोनवर येतो, बाप सेकंड शिफ्टला आणि कंपनीच्या गेटवर फोन जमा. तो बाहेर येईपर्यंत ओटीपी मेलेला. पसंतीक्रमात कुठलं कॉलेज लोकलच्या मार्गावर आहे, कुठल्या कॉलेजात विज्ञान अनुदानित आहे, हे घरात कोणाला सांगता येत नाही. मग जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, वडगावच्या तहसीलची खेप. कातकरी घरात तर आधी बापाच्याच कागदाचा पत्ता नसतो. सरकारनं 2024 मध्ये आठ लाखांच्या आतल्या घरांतल्या मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली. फार मोठा निर्णय. त्याचा लाभ घ्यायला कुसूरची मुलगी आधी बारावी विज्ञानापर्यंत पोचायला हवी, आणि तिला अशी माफी असते हे नववीतच कोणीतरी सांगायला हवं. हे काम कुठल्याही क्लासच्या फीमध्ये बसत नाही. पुण्यात अच्युतराव आपट्यांनी 1955 मध्ये विद्यार्थी सहायक समिती काढली, खेड्यातल्या गरीब मुलांना कॉलेजसाठी राहायला-जेवायला दिलं. आपल्याला त्या दारापर्यंत पोर न्यायचंय.

पैसा कुठून? कंपनी कायद्याच्या कलम 135 प्रमाणे ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजकार्यावर खर्चावे लागतात, आणि कारखाने आपल्या उंबऱ्याशी आहेत. त्यांनी टॅबलेट वाटायचं थांबवावं. टॅबलेटचा फोटो छान येतो. मानधनाचा फोटो येत नाही, एवढीच अडचण आहे. पण कंपन्यांवर विसंबून राहूही नये, त्यांचे साहेब बदलतात. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातून दहा टक्के महिला व बालकल्याणावर आणि पंधरा टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चावेच लागतात. कारखान्यांचा कर येणाऱ्या पंचायतीला दोन माणसांचं मानधन आणि एका जीपचं भाडं जड नाही.

26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवशी ग्रामसभा असते. कान्हे, टाकवे, वडेश्वर, जांभूळ, साते, ज्यांच्या घरात आठवी-नववीचं पोर आहे त्यांनी येत्या सभेआधी पंचायतीत लेखी अर्ज द्यावा, विषयपत्रिकेवर विषय घ्यायला लावावा, आणि ठराव लिहिला जाईपर्यंत उठू नये.