पक्ष त्यांचे, घर आपलं

मैत्रिणींनो, घर म्हटलं की भांड्याला भांडं लागायचंच, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. दोन भावांनी वेगळ्या चुली मांडल्या तर त्यात नवल ते काय? पण दुसऱ्याच्या घरातले भाऊ वेगळे झाले म्हणून आपल्या घरातल्या भावांनी एकमेकांशी बोलणं टाकावं, हे मात्र नवलच! गेल्या काही वर्षांत आमच्या नाशकात, आणि नाशकातच कशाला, साऱ्या महाराष्ट्रात हे घडताना दिसतं आहे. म्हणून आज भाजी-आमटी, लोणची-मुरंबे बाजूला ठेवून या विषयावर बोलायचं ठरवलं आहे. "राजकारण हा काय बायकांचा विषय?" असं कुणी म्हणेल. पण वाद बाहेरच्या खोलीत होतो आणि अर्धवट जेवून उठलेल्यांची ताटं आपण उचलतो. मग विषय आपला नाही तर कुणाचा?

ठाकरे घराणं आपल्यापैकी कुणालाच परकं नाही. १९ जून १९६६ ला बाळासाहेब ठाकऱ्यांनी शिवसेना काढली. त्यांचे चिरंजीव उद्धव आणि पुतणे राज. या दोघांचं नातं आपण बायकांनी नीट समजून घेण्यासारखं आहे. दोघांचे वडील सख्खे भाऊ आणि दोघांच्या आयाही सख्ख्या बहिणी. म्हणजे हे चुलतभाऊही आणि मावसभाऊही! जानेवारी २००३ मध्ये महाबळेश्वरच्या अधिवेशनात उद्धव पक्षाचे कार्याध्यक्ष झाले, तेव्हा तो ठराव राज यांनीच मांडला होता. पुढे २००५ च्या अखेरीस राज बाहेर पडले आणि ९ मार्च २००६ ला त्यांनी महाराष्ट्र नवनिर्माण सेना स्थापन केली. इतक्या जवळचं रक्त, पण पक्ष दोन झाले.

या वाटणीत आमच्या नाशिकचा वाटा मोठा आहे बरं का. १९९४ साली शिवसेनेचं अधिवेशन इथेच भरलं आणि पुढच्याच वर्षी राज्यात युतीची सत्ता आली. २००९ च्या विधानसभेला मात्र शहरातल्या पूर्व, मध्य आणि पश्चिम या तिन्ही जागा राज यांच्या नव्या पक्षाने घेतल्या. २०१२ मध्ये महापालिकेच्या १२२ पैकी ४० जागा त्यांना मिळाल्या आणि महापौरही त्यांचाच झाला. पाच वर्षांनी, २०१७ मध्ये, त्याच नाशिककरांनी त्यांना ५ जागांवर आणून ठेवलं, शिवसेनेला ३५ दिल्या आणि भारतीय जनता पक्षाला ६६. आता सांगा, याच्यात घराण्यावरची निष्ठा कुठे राहिली? लोकांनी विश्वासाने ओटीत घातलं आणि समाधान झालं नाही तेव्हा काढून घेतलं. मत असंच द्यायचं असतं. घरात मात्र आपण ते तसं वागवत नाही.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची गोष्ट सांगते. दोघे भाऊ, एकाच मजल्यावर समोरासमोर राहणारे. थोरले पहिल्यापासून शिवसेनेचे, धाकट्यांनी २०१२ च्या महापालिकेला इंजिनाचं काम केलं. निकालाच्या दिवशी जिन्यात शब्दाला शब्द लागला आणि बोलणं बंद झालं ते झालंच. गणपती दोन झाले. थोरल्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा समोरच्या दारातून कुणी दवाखान्यात गेलं नाही. जावाजावा मात्र मागच्या गॅलरीतून वाटीची देवघेव करत राहिल्या. तुमचं दूध नासलं का, आमच्याकडचं विरजण घ्या, मुलीला ताप आहे का, पाठवा इकडे. नवऱ्यांना कळू न देता तेरा वर्षं चालला हा संसार!

आणि गंमत बघा. त्याच २०१२ च्या जुलैमध्ये उद्धव यांना मुंबईत लीलावती रुग्णालयात दाखल केलं, तेव्हा राज धावत गेले आणि त्यांना स्वतः गाडी चालवत घरी मातोश्रीवर घेऊन आले. राजकारणात एकमेकांवर टीका चालूच होती, पण आजारपणात भाऊ भावाकडे गेला. ज्यांच्यासाठी आमचे हे दोघे भांडत होते, त्यांनी जिव्हाळा राखला आणि यांना मात्र समोरचं दार ओलांडवलं नाही.

पुढे जून २०२२ मध्ये एकनाथ शिंदे आमदार घेऊन वेगळे झाले आणि उद्धव यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं. तेव्हा तर घराघरांत तिसरी फळी उभी राहिली. मी एका शाळेत अर्धवेळ शिकवते. तेव्हा आठवीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, धनुष्यबाण नक्की कुणाच्या मालकीचा?" त्याच्या घरी आजोबा आणि वडील याच प्रश्नावरून अबोला धरून बसले होते. मी त्याला सांगितलं, चिन्ह निवडणूक आयोग देतो, त्यासाठी १९६८ चा आदेश आहे आणि पक्षात फूट पडली तर निर्णयही आयोगच करतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने धनुष्यबाण गोठवला, उद्धव यांना मशाल आणि शिंदे यांना ढाल-तलवार दिली. मग १७ फेब्रुवारी २०२३ ला पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांच्याकडे गेला. दुसरी बाजू त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. हे सगळं ऐकून तो मुलगा म्हणाला, "मग आमच्या घरात का भांडतात?" मुलांचे प्रश्न कसे असतात पाहा!

हे आपल्याकडेच आहे असं नाही. थायलंडमध्ये शिनावात्रा नावाचं असंच बलाढ्य घराणं आहे. थाकसिन शिनावात्रा २००१ मध्ये पंतप्रधान झाले, २००६ मध्ये लष्कराने त्यांना घालवलं. २०११ मध्ये त्यांची बहीण यिंगलक पंतप्रधान झाली आणि २०२४ मध्ये मुलगी पेतोंगतार्न. तिलाही ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने पदावरून दूर केलं. पाठीराखे लाल शर्ट घालत, विरोधक पिवळे. शर्टाचा रंग बघून माणूस कुठल्या बाजूचा ते ओळखायचं! आपल्याकडे गळ्यातली उपरणी बघतात, तसंच की.

आणि घराण्याचं भांडण बायकांपर्यंत आलं की काय होतं, तेही २०२४ मध्ये बारामतीत दिसलं. लोकसभेला सुप्रिया सुळे आणि सुनेत्रा पवार समोरासमोर उभ्या होत्या. सुप्रियाताई २००९ पासून तिथल्या खासदार होत्या, तरी गावोगावच्या गप्पांत विषय काय, तर नणंद-भावजय! कुणी काय काम केलं, कुणाची काय योजना, हे मागे पडलं. निवडून सुप्रियाताई आल्या. पण एवढ्या मोठ्या बाईलाही लोक आधी नात्यानेच ओळखतात, तिथे तुमची-आमची काय कथा? "आमच्याकडे सगळे अमुक पक्षाचे" असं म्हणताना त्या 'सगळे'मध्ये सुनेला न विचारताच मोजलेलं असतं.

५ जुलै २०२५ ला वरळीत उद्धव आणि राज एका व्यासपीठावर आले. पहिलीपासून हिंदीच्या प्रश्नावरचे शासननिर्णय सरकारने मागे घेतले, त्याचा तो मेळावा होता. महिना संपायच्या आत राज वाढदिवसाच्या शुभेच्छा द्यायला मातोश्रीवर गेले आणि डिसेंबरात दोघांनी युतीही जाहीर केली. इकडे आमचे ते दोन भाऊ आपापल्या घरात, आपापल्या टीव्हीवर तो मेळावा पाहत होते आणि मधली दोन दारं बंद होती! थोरल्या वहिनी मला म्हणाल्या, "त्यांना एकत्र यायला व्यासपीठ मिळालं. आमच्या घरात ते कोण घालणार?"

ते घातलं त्यांच्या वन्संनी. दिवाळीत भाऊबीजेला आल्या आणि जिन्यातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "दोन घरांत दोनदा ओवाळायला मला आता गुडघे नाहीत. दोघे एका घरात बसा, नाहीतर मी ही चालले स्टँडवर." दोन्ही जावांनी आधीच पाट मांडून ठेवले होते, हे सांगायला नकोच. दोघे बसले. राजकारणाचा र कुणी काढला नाही. जेवताना बोलणं झालं ते नळाला पाणी कमी दाबाने येतं यावर. पण तेरा वर्षांनी थोरल्यांनी धाकट्यांना "अजून एक करंजी घे" म्हटलं, तेव्हा धाकट्या जाऊबाई स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसून आल्या.

आता पाण्याचा विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्या महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. आरक्षण आणि प्रभागरचनेचे वाद कोर्टात राहिले आणि जवळजवळ चार वर्षं कारभार प्रशासकाच्या हाती होता. मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला. म्हणजे धनुष्यबाण कुणाचा यावर घरोघरी रणं माजली, तेव्हा तुंबलेल्या गटारीची तक्रार घेऊन जायला आपल्याला नगरसेवकच नव्हता! याबद्दल कुणाच्या घरी अबोला झाल्याचं मात्र ऐकलं नाही.

म्हणून मैत्रिणींनो, मला सुचतं ते सांगते. पटलं तर घ्या.

जेवणाच्या वेळी बातम्यांचा टीव्ही बंद ठेवा. "जेवण झाल्यावर लावू" एवढं म्हटलं की पुरतं. घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर वाढदिवस, बारसं, आजारपण एवढंच राहू द्या. नेत्यांची व्यंगचित्रं ज्याने त्याने आपल्या मित्रांना पाठवावीत. हळदीकुंकवाला बोलावताना कुणाच्या दारावर कुठला झेंडा आहे ते बघू नका. वाद रंगात आलाच, तर एकच प्रश्न विचारा, "यांनी आपल्या प्रभागात काय केलं?" आवाज आपोआप खाली येतो, कारण उत्तर द्यायला आठवावं लागतं.

आणि मताचं तेवढं लक्षात ठेवा. महापालिकेला आमच्याकडे बहुतेक प्रभागांत एकेकीला चार मतं द्यायची असतात आणि निम्म्या जागा बायकांसाठी राखीव असतात. त्या चारही जागांवर कोण उभं आहे, त्यातल्या बाई स्वतः काम करणाऱ्या आहेत की कुणाच्या नावावर उभ्या आहेत, हे मतदानाच्या आधी आठ दिवस चौकशी करून ठेवावं. आपण साडी घेताना दहा दुकानं पालथी घालतो, मग यालाच का कंटाळा? कुणाला मत दिलं ते नवऱ्यालाही सांगायचं बंधन नाही. कायद्याने ते गुप्त आहे.

पुढच्या वर्षी, २०२७ मध्ये, सिंहस्थ येतो आहे. रस्ते, पूल, घाट, पाणी, सगळ्यावर पैसा खर्च होणार. आपल्या गल्लीत खड्डा खणला, तर तो कधी बुजवणार हे जाऊन विचारा. एकट्या जाऊ नका, समोरच्या जाऊबाईंनाही बरोबर घ्या, मग त्यांचे यजमान कुठल्या का पक्षाचे असेनात.